मैदानातले डॉन बॉस्को

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नव्या संगणककक्षाच्या आराखड्याबद्दलच काहीतरी विचारायचं असेल. पण काम वेगळंच निघालं. आपल्या शाळेला ज्यांचं नाव आहे त्या संत जॉन बॉस्को यांचं चरित्र, सगळ्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहून द्यायचं होतं. मी सांगून पाहिलं, की मी कॅथलिक नाही, इतिहासाचा माझा अभ्यास नाही, इंजिनिअरिंग झाल्यापासून वीस-बावीस वर्षं मी फक्त सॉफ्टवेअर लिहिते आहे. त्यावर उत्तर आलं, की आपल्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं कॅथलिक नव्हतीच, तेव्हा तूच लिही.

मग वाचायला बसले आणि लक्षात आलं, की दहा वर्षं ज्यांच्या तसबिरीखालून आपण रांगेने वर्गात गेलो त्यांच्याबद्दल मला जवळजवळ काहीच माहीत नव्हतं. जिन्याच्या वळणावरची ती तसबीर तुम्हाला आठवत असेल. काळा झगा, कुरळे केस, किंचित हसरा चेहरा, भोवती मुलं. ३१ जानेवारीला तिला झेंडूचा हार असायचा. सकाळी मिस्सा व्हायची, मग दिवसभर मैदानात खेळ आणि शेवटी खाऊचं पाकीट. नावातल्या डॉनवरून मुलगे सिनेमातले संवाद मारायचे. इटलीत धर्मगुरूंना आदराने डॉन म्हणतात, एवढी साधी गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली.

जोव्हानी बॉस्को, म्हणजे आपला जॉन, १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतल्या पिएमाँट प्रांतात, बेक्की नावाच्या छोट्या वाडीत जन्मला. इटली हा एक देश तेव्हा झालेलाच नव्हता. तो मुलूख सार्डिनियाच्या राजाकडे होता आणि तुरिन ही त्याची राजधानी. घर शेतकऱ्याचं, जमीन बेताची. जॉन दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा, १८१७ साली, वडील फ्रान्चेस्को न्यूमोनियाने गेले. त्याच सुमारास त्या भागात दुष्काळ पडला. आई मार्गारिता तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. पदरात तीन मुलगे : नवऱ्याच्या पहिल्या लग्नाचा अंतोनियो, मग जुझेप्पे आणि सगळ्यात धाकटा जॉन. शिवाय घरात म्हातारी सासू. मार्गारिताला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तिने घर मोडू दिलं नाही, दुसरं लग्न केलं नाही आणि दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. मुलांना प्रार्थना तिनेच तोंडी शिकवल्या. पुढे जगभर पसरलेल्या कामाचं मूळ शोधायला गेलं तर ते या निरक्षर बाईच्या स्वयंपाकघरात सापडतं.

नऊ वर्षांचा असताना जॉनला एक स्वप्न पडलं. अंगणात पुष्कळ मुलं खेळत होती, काही शिव्या देत होती. जॉन त्यांच्यावर धावून गेला आणि ठोसे मारू लागला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवलं आणि समजावलं, की या मुलांना मारून नाही, मायेने जिंकायचं आहे. मग एक स्त्री दिसली. मुलांच्या जागी रानटी जनावरं दिसू लागली आणि बघता बघता त्यांची कोकरं झाली. सकाळी घरात प्रत्येकाने आपापला अर्थ लावला. अंतोनियोने हा दरोडेखोरांचा म्होरक्या होईल असा टोमणा मारला, आईला वाटलं धर्मगुरू होईल, आणि आजीने स्वप्नांवर विश्वास ठेवू नये असं सांगून विषय मिटवला. मला ही आजी फार जवळची वाटली.

त्या स्वप्नाचं काही का असेना, मुलांना गोळा करण्याचं वेड जॉनला लहानपणापासून होतं. जत्रेत डोंबाऱ्यासारखे खेळ करणारे आणि जादूगार यायचे. हा पुढे उभा राहून त्यांच्या हातांकडे टक लावून बघायचा आणि घरी येऊन पडत-झडत तेच शिकायचा. मग दोन झाडांना दोर बांधून त्यावर चालायचा, हातावर उलटा चालायचा, चेंडू झेलायचा. वाडीतली लहानथोर माणसं बघायला यायची. तिकीट एकच होतं : मध्येच खेळ थांबवून सगळ्यांनी जपमाळेची प्रार्थना म्हणायची आणि रविवारी चर्चमध्ये ऐकलेलं प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हा ऐकायचं. जो प्रार्थनेच्या वेळी सटकेल त्याला पुढचा खेळ बघायला मिळत नसे. श्रद्धा आणि खेळ हे दोन वेगळे तास आहेत असं या मुलाला कधी वाटलंच नाही.

शिकण्याची वाट मात्र सोपी नव्हती. शेतावर राबणाऱ्या अंतोनियोला धाकट्याची पुस्तकं डोळ्यांत खुपायची. भांडणं इतकी वाढली की १८२८ च्या हिवाळ्यात आईने बारा वर्षांच्या जॉनला घराबाहेर काम शोधायला पाठवलं. मोलिया नावाच्या कुटुंबाच्या शेतावर तो दीड वर्षाहून जास्त काळ गुरांकडे राहिला. परत आल्यावर डॉन कालोस्सो नावाच्या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला लॅटिन शिकवायला घेतलं. पहिल्यांदाच वडिलांसारखं कोणी भेटलं होतं, आणि वर्षभरात, १८३० च्या नोव्हेंबरमध्ये, तेही गेले. मरताना त्यांनी पैशांच्या पेटीची किल्ली जॉनच्या हातात दिली होती. जॉनने ती त्यांच्या नातेवाइकांना देऊन टाकली आणि पुन्हा रिकाम्या हाताने सुरुवात केली.

१८३१ साली तो किएरी गावातल्या शाळेत गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि त्याला लहान मुलांच्या वर्गात बसावं लागलं. शिकता शिकता त्याने शिंपीकाम, सुतारकाम, लोहारकाम हाताखाली घातलं. एका कॅफेमध्ये काम करून तो तिथेच जिन्याखालच्या अरुंद जागेत झोपायचा. आणि याच दिवसांत त्याने मित्रांची एक मंडळी जमवली. नाव ठेवलं आनंदमंडळ. नियम थोडेच : ख्रिस्ती माणसाला न शोभणारं बोलायचं-वागायचं नाही, अभ्यास आणि धर्मकर्तव्यं नीट करायची, आणि आनंदी राहायचं. आपल्या शाळेत नापास झालेला मुलगासुद्धा ३१ जानेवारीला गोणपाट शर्यतीत पळायचा, त्याचं मूळ मला इथे दिसलं.

१८३५ मध्ये तो किएरीच्या सेमिनरीत दाखल झाला आणि ५ जून १८४१ रोजी तुरिनमध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली. जॉनचे डॉन बॉस्को झाले.

तुरिन तेव्हा वाढणारं शहर होतं. खेड्यांतून मुलं कामाला यायची : गवंड्याच्या हाताखाली, धुराडी साफ करायला, मिळेल ते. राहायला जागा नाही, विचारणारं कोणी नाही. डॉन बॉस्को यांचे गुरू कफास्सो त्यांना शहरातल्या तुरुंगांत घेऊन गेले. तिथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार मुलं उवा-पिसवांत पडलेली त्यांनी पाहिली. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. सुटून गेलेली मुलं थोड्याच दिवसांत पुन्हा आत येत होती, कारण बाहेर त्यांची वाट पाहणारं कोणीच नव्हतं. आत आल्यावर समजावण्यापेक्षा आत येण्याआधी कोणीतरी मित्र भेटला असता तर, हा विचार त्यांच्या मनातून पुढे कधी गेला नाही.

८ डिसेंबर १८४१ ची गोष्ट त्यांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवली आहे. मारियाच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण होता. चर्चच्या आतल्या खोलीत ते मिस्साची तयारी करत होते. एक मजूर पोरगा आत घुटमळत होता. चर्चच्या सेवकाने त्याला मिस्साच्या वेळी वेदीपाशी मदत करायला सांगितलं. त्याला ते येत नव्हतं, म्हणून सेवकाने त्याला झाडूच्या दांड्याने बडवून हाकललं. डॉन बॉस्कोंनी सेवकाला खडसावलं, तो आपला मित्र असल्याचं सांगितलं आणि मुलाला परत बोलावून आणलं. मुलाचं नाव बार्तोलोमेओ गारेल्ली, वय सोळा, काम गवंड्याचं. आई नाही, वडील नाहीत, लिहिता-वाचता येत नाही. गाता येतं का, तर तेही नाही. शेवटी शिट्टी वाजवता येते का असं विचारल्यावर तो हसला. तिथून काम सुरू झालं. पुढच्या रविवारी तो आणखी मुलांना घेऊन आला. सेलेशियन संस्थेत आजही तो दिवस आरंभदिन मानतात.

रविवारी ही मुलं जमायची, प्रार्थना व्हायची, धर्मशिक्षण व्हायचं आणि मग खेळ, गाणी, आरडाओरडा. याला ते ऑरेटरी म्हणत. मुलांची संख्या शेकड्यांत गेली आणि जागेचा प्रश्न उभा राहिला. मार्चिओनेस बारोलो या दानशूर बाईंच्या आवारात काही दिवस, मग एका दफनभूमीजवळच्या चर्चमध्ये, मग पिठाच्या गिरण्यांपाशी, मग भाड्याच्या खोल्यांत, मग उघड्या माळावर. सगळीकडे तक्रार एकच : फार आवाज होतो. माळाच्या मालकांनी तर सांगितलं की मुलांच्या पायांखाली गवताची मुळंसुद्धा उरणार नाहीत. शहराच्या अधिकाऱ्यांना एवढ्या मजूर पोरांच्या जमावाचा संशय येऊ लागला. डॉन बॉस्को मात्र पुढे मोठी इमारत, कार्यशाळा, चर्च होणार असं रंगवून सांगायचे, त्यामुळे सोबतच्या धर्मगुरूंना त्यांच्या डोक्यावर परिणाम झाल्यासारखं वाटू लागलं. दोघे जण त्यांना घोडागाडीतून वेड्यांच्या इस्पितळात न्यायला आले. डॉन बॉस्कोंनी आग्रहाने आधी त्या दोघांना गाडीत बसवलं, दार लावलं आणि गाडीवानाला गाडी थेट तिकडे हाकायला सांगितली, ही गोष्ट सगळ्या चरित्रांत आहे.

शेवटी १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वाल्डोक्को या गरीब वस्तीत पिनार्दी नावाच्या माणसाची एक बुटकी शेड भाड्याने मिळाली. शेजारी मोकळी जागा होती. शेडचं प्रार्थनागृह झालं आणि मोकळ्या जागेचं मैदान. दोन्ही एकदमच मिळाली आणि दोन्हींत त्यांनी कधी उच्चनीच केलं नाही.

त्याच जुलैमध्ये कामाच्या ओझ्याने ते कोसळले आणि मरणाच्या दारात गेले. दिवसभर विटा-चुना वाहणारी पोरं आळीपाळीने चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करत बसली, काहींनी उपास धरले. ते वाचले. विश्रांतीसाठी गावी गेले आणि ३ नोव्हेंबरला परत आले ते आईला घेऊन, पायी. मार्गारिता अठ्ठावन्न वर्षांची होती. आपलं घर, नातवंडं सोडून ती तुरिनच्या त्या वस्तीत शेकडो परक्या मुलांची आई व्हायला आली. लग्नातले जपून ठेवलेले कपडे तिने मोडले. त्यांतून वेदीची वस्त्रं झाली. तिला सगळे मामा मार्गारिता म्हणू लागले. इटालियनमध्ये मामा म्हणजे आई, हे इथे सांगितलेलं बरं.

सुरुवातीला आसरा दिलेल्या काही पोरांनी रात्रीतून पांघरुणंच पळवली. तरी १८४७ च्या मे महिन्यात पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा दारात आला तेव्हा आईने त्याला स्वयंपाकघरात अंथरूण घालून दिलं आणि झोपण्याआधी प्रामाणिकपणा, काम आणि देव याबद्दल चार शब्द सांगितले. सेलेशियन घरांत झोपण्यापूर्वी चार चांगल्या गोष्टी सांगण्याची प्रथा आहे तिचं मूळ हेच मानतात. आपल्याकडे वसतिगृह नव्हतं, म्हणून तिचं रूप बदललं. परिपाठानंतर फादर दोन मिनिटं काहीतरी सांगायचे, कधी पेपरातली बातमी, कधी रस्त्यात पाहिलेलं काही. ऊन लागतंय म्हणून आपण पाय बदलत उभे असायचो, ते हेच.

मामा मार्गारिताही थकायची. एकदा मुलांनी लढाईचा खेळ खेळताना तिची भाजीची बाग तुडवून टाकली. तिने मुलाला सांगितलं, की आता मला गावी जाऊ दे. डॉन बॉस्को काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट केलं. ती डोळे पुसून पुन्हा कामाला लागली. २५ नोव्हेंबर १८५६ रोजी ती गेली तेव्हा दहा वर्षं तिने तो संसार सांभाळला होता.

एक इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा आहे. डॉन बॉस्को नुसते प्रेमळ नव्हते, कामाला पक्के होते. दिवसभर काम करणाऱ्यांसाठी त्यांनी संध्याकाळचे वर्ग चालवले. सार्डिनियाच्या राज्यात १८५० पासून मेट्रिक मापं सक्तीची होणार होती. जुन्या मापांवर वाढलेले मजूर आणि शेतकरी फसवले जाणार हे ओळखून त्यांनी आधीच दशमान पद्धतीवर सोपं पुस्तक लिहिलं, आणि मुलांकडून त्याच विषयावर विनोदी संवाद बसवून घेतले. मुलांना कामावर ठेवणाऱ्या मालकांशी ते लेखी करार करू लागले. फेब्रुवारी १८५२ चा एका सुताराबरोबरचा असा करार आजही उपलब्ध आहे. मुलाला धंदा नीट शिकवायचा, चुकलं तर शब्दांनीच समजवायचं, धंद्याबाहेरची कामं लावायची नाहीत, सणाच्या दिवशी सुटी, ठरलेला पगार. खाली मालक, मुलगा, वडील आणि डॉन बॉस्को यांच्या सह्या. मग १८५३ पासून त्यांनी स्वतःच्याच आवारात कार्यशाळा काढल्या : आधी बूट आणि कपडे शिवण्याच्या, मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, आणि पुढे छापखाना आणि लोहारकाम.

१८५४ च्या उन्हाळ्यात तुरिनमध्ये कॉलरा आला. वाल्डोक्कोच्या आसपास घरंच्या घरं आजारी पडली. जवळ जायला नातेवाईक धजत नव्हते. डॉन बॉस्कोंनी मुलांना विचारलं. आधी चौदा जण पुढे आले, मग आणखी तीस. त्यांनी रुग्णांना उचललं, धुतलं, पांघरूण घातलं. कापड संपलं तेव्हा मामा मार्गारिताने वेदीवरची वस्त्रंसुद्धा काढून दिली. परत आल्यावर हात धुण्याची, व्हिनेगरने पुसून घेण्याची शिस्त कडक होती. त्यांच्यातल्या एकालाही लागण झाली नाही. डॉन बॉस्कोंनी याचं श्रेय मारियाला दिलं. मी व्हिनेगरच्या शिस्तीलाही थोडं देईन, आणि त्यांना त्यात वावगं वाटलं नसतं असं मला वाटतं. विवेक, श्रद्धा आणि माया या तिन्ही गोष्टी ते एकत्रच मोजत.

त्याच वर्षी डोमिनिक साव्हिओ नावाचा बारा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे शिकायला आला. त्याला संत व्हायचं होतं आणि त्यासाठी तो अंथरुणात खडे घालून झोपण्यासारखे प्रकार करू लागला. डॉन बॉस्कोंनी ते बंद करायला लावले. आनंदी राहा, अभ्यास कर, सवंगड्यांना मदत कर, मैदानात खेळ, एवढंच त्यांनी सांगितलं. डोमिनिक ९ मार्च १८५७ रोजी, पंधरावं पूर्ण व्हायच्या आत, आजारपणाने गेला. १९५४ मध्ये त्याला संतपद मिळालं. उड्या मारत खेळणारा मुलगा संत होऊ शकतो, ही कल्पना धर्मशिक्षणाच्या तासाला न बसलेल्या माझ्यासारखीलाही पटते.

हाताखाली वाढलेल्या मुलांमधूनच त्यांना सहकारी मिळाले. १८ डिसेंबर १८५९ च्या संध्याकाळी त्यांच्या खोलीत अठरा जण जमले, बहुतेक विशीच्या आसपासचे, आणि संस्था स्थापन झाली. तिला त्यांनी स्वतःचं नाव दिलं नाही. सौम्य स्वभावाबद्दल प्रसिद्ध असलेले संत फ्रान्सिस द सेल्स यांच्यावरून सेलेशियन हे नाव घेतलं. मुलींसाठी काम ५ ऑगस्ट १८७२ ला मॉर्नेझे गावात सुरू झालं, मारिया माझारेल्लो या शेतकरी घरातल्या बाईबरोबर. शिवणकाम शिकवून मुलींना गोळा करणं तिने आधीच सुरू केलं होतं. १८७५ मध्ये पहिली तुकडी अर्जेंटिनाला गेली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९०६ मध्ये, सेलेशियन भारतात तंजावरला आले आणि १९२८ मध्ये मुंबईला.

सगळं गोडच होतं असं नाही. तुरिनचे आर्चबिशप गास्ताल्दी हे एके काळचे त्यांचे स्नेही. संस्थेच्या अधिकारांवरून त्यांच्याशी जवळजवळ दहा वर्षं कडवट वाद चालला. कर्ज कायम डोक्यावर असायचं. इतर पंथांबद्दलचं त्यांचं काही लिखाण आज वाचताना खटकतं. त्या काळाच्या कुंपणाबाहेर तेही पूर्ण गेले नव्हते. पण मुलांबद्दल त्यांनी जे धरलं ते सोडलं नाही. १८७७ मध्ये त्यांनी आपली पद्धत थोडक्या पानांत लिहून काढली. शिक्षा करून शिस्त लावण्याची एक रीत असते आणि चूक होऊच नये असं वातावरण ठेवण्याची दुसरी. दुसरीसाठी मोठ्या माणसाला मुलांमध्ये सतत हजर राहावं लागतं, पाळत ठेवायला नाही, मोठ्या भावासारखं. आमच्या कामातही चूक गिऱ्हाइकापर्यंत पोचल्यावर कोणाची होती ते शोधत बसण्यापेक्षा सुरुवातीपासून शेजारी बसून काम तपासलेलं स्वस्त पडतं. सगळ्यांना हे ठाऊक असतं, आणि तरी शेजारी बसायला कोणाला वेळ नसतो.

नेमकं हेच त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या घरातही झालं. १० मे १८८४ रोजी त्यांनी रोमहून वाल्डोक्कोला एक लांब पत्र पाठवलं. त्यात त्यांनी दोन मैदानं रंगवली आहेत. एक जुन्या दिवसांतलं : धावणारी, गाणारी मुलं आणि त्यांच्यात मिसळलेले शिक्षक. दुसरं आताचं : कंटाळलेली, भिंतीला टेकलेली, कोपऱ्यात कुजबुजणारी मुलं, आणि दूर आपापसांत गप्पा मारणारे शिक्षक. इमारती वाढल्या होत्या, माणसं वाढली होती, नियमही होते. गेलं होतं ते एकत्र खेळणं. मुलांवर प्रेम असणं पुरेसं नाही, ते त्यांना कळलं पाहिजे, आणि ते मैदानात कळतं, असा त्या पत्राचा सगळा रोख आहे. एकोणसत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, पाय सुजलेले, दृष्टी अधू झालेली असताना या माणसाला काळजी होती ती मधल्या सुट्टीची.

३१ जानेवारी १८८८ च्या पहाटे ते वाल्डोक्कोमध्येच गेले. १ एप्रिल १९३४ रोजी, पुन्हा ईस्टरच्याच दिवशी, रोममध्ये त्यांना संत घोषित करण्यात आलं.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण ते पत्र वाचल्यावर मला झोप लागली नाही.

मी आठवीत असताना बाबांची कंपनी बंद पडली. घरात सांगायची सोय नव्हती आणि शाळेत सांगायची इच्छा नव्हती. डबा कधी असायचा, कधी नसायचा. मी खो-खो सोडून दिला आणि मधल्या सुट्टीत बदामाच्या झाडाखाली पुस्तक घेऊन बसू लागले. बाईंना वाटलं, मुलगी अभ्यासू झाली. त्या वेळचे आपले फादर रोज मधल्या सुट्टीत मैदानात असायचे. झगा खोचून लंगडी घालणारे फादर तुम्हालाही आठवत असतील. आठ-दहा दिवसांनी त्यांनी मला काही न विचारता ग्रंथालयाची किल्ली दिली. सुट्टीत पुस्तकं लावायला मदतनीस हवी होती म्हणे. मदत करणाऱ्यांना तिथे रोज वडापाव आणि चहा मिळायचा. मदतनीस आम्ही चौघं होतो. ते चौघंच का, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगलं. आजीला मात्र धाकधूक होती, की ही शाळा पोरीचा देव बदलेल. फादर एकदा घरी आले, चपला दाराबाहेर काढून आत बसले आणि एकादशी होती म्हणून आजीबरोबर साबुदाण्याची खिचडी खाऊन गेले. त्यानंतर आजीने तो विषय काढला नाही. माझा देव बदलला नाही, पण देवावर श्रद्धा असलेला माणूस कसा दिसतो हे मी त्या मैदानात पाहिलं.

आणि आता नवा संगणककक्ष. माजी विद्यार्थी संघातर्फे शाळेला द्यायच्या भेटीचा आराखडा मीच काढला आहे, तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलाही आहे. तीस संगणक, वातानुकूलन, वेगवान इंटरनेट. जागा सोयीची म्हणून मी मैदानाची पूर्वेकडची पट्टी घेतली. खो-खोचे खांब आहेत ती. कागदावर ती रिकामी दिसत होती. माळाच्या त्या मालकांना गवताची काळजी होती. मला तर तेवढीही नव्हती.

म्हणून येत्या सभेत मी माझाच आराखडा मागे घेणार आहे. नवा तयार आहे : जुन्या हस्तकला खोलीच्या वर एक मजला. खर्च थोडा वाढेल, संगणक तीसऐवजी चोवीस बसतील, मैदान जसंच्या तसं राहील. काहींना हे पटणार नाही, आणि आजच्या मुलांना संगणक हवेत हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. मी त्यावरच पोट भरते. पण संगणक आपण दोन वर्षांनीही देऊ शकतो. मैदान एकदा गेलं की कुठल्याही वर्गणीतून परत येत नाही.

दुसरी गोष्ट पैशांची नाही. महिन्यातून एका शनिवारी मी शाळेत जाणार आहे. भाषण द्यायला नाही, मधल्या सुट्टीत हजर राहायला. ज्यांना कोडिंग विचारायचंय त्यांना ते सांगेन, बाकीच्यांबरोबर जमेल तसा खो-खो खेळेन. गुडघे कुरकुरतात, पण बदामाच्या झाडाखाली पुस्तक घेऊन बसलेली एखादी मुलगी दिसली तर तिच्याकडे बघायला गुडघे लागत नाहीत. तुमच्यापैकी गावातच राहणाऱ्यांनी एकेक शनिवार वाटून घेतला तर वर्ष भरेल. यादी स्वागत कक्षापाशी ठेवली आहे. पहिलं नाव मी लिहिलं आहे, त्याखाली जागा भरपूर आहे.